आधी त्याच्याकडे जा

लिटमसरावांच्या पेन्सिलीचं खोडरबर नेहमी शिशाच्या आधी संपायचं. टोक सुईसारखं, लाकडाला दातांची एकही खूण नाही, लांबी अजून चांगली वीतभर. आणि मागच्या बाजूला खोडरबर पितळी कड्याच्याही आत गेलेलं. असं का होतं याचा त्यांनी स्वतः विचार केला होता, आणि हल्ली खोडरबर चांगल्या प्रतीचं मिळत नाही असा निष्कर्ष काढला होता. त्यांच्या बायकोचा निष्कर्ष वेगळा होता, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

लिटमसराव हे नाव मेहुण्याने ठेवलेलं. नोकरीची सगळी वर्षं शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत गेलेल्या माणसाला ते शोभून दिसलं आणि चिकटलं. पण न्यायाने बघायचं तर ती निव्वळ बदनामी होती. लिटमसचा कागद पाण्यात बुडवला की लगेच लाल किंवा निळा होऊन मोकळा होतो. लिटमसरावांना तसं कधीच जमलं नाही. त्यांचा प्रत्येक अहवाल एकाच वाक्याने संपायचा : 'पाणी पिण्यास योग्य वाटते, तथापि फेरतपासणी सुचवण्यात येते.' वरिष्ठांना हे वाक्य फार आवडायचं. या वाक्यामुळे कधी कुणी अडचणीत आलं नाही.

अशा माणसाच्या डोक्यावर एकाच वेळी दोन गोष्टी येऊन पडल्या.

पहिली मेहुण्याची. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. माणूस उमदा, हसरा, आणि कुठल्याही धंद्यात उडी घेताना खाली पाणी आहे का हे न बघणारा. आता त्याला कपडे धुण्याचं दुकान काढायचं होतं. चार मोठी मशिनं, लोकांनी यायचं, कपडे टाकायचे, बाकावर बसून मासिक वाचायचं आणि धुतलेले कपडे घेऊन जायचं. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण जामीनदार हवा होता; आणि जामीनदाराला स्वतःचं घर हवं होतं. लिटमसरावांना घर होतं. दोन खोल्या, एक गॅलरी, हप्ते कधीच फिटलेले.

"भाऊजी, एवढी एक सही," मेहुणा म्हणाला होता.

"बघतो," लिटमसराव म्हणाले होते.

हे बोलणं झालं तेव्हा लोक स्वेटर घालत होते. आता पंखे सुरू झाले होते. मेहुणा दर रविवारी यायचा, चहा घ्यायचा आणि निघताना चपला घालता घालता विचारायचा, "झालं का बघून?"

"बघतोय."

"नीट बघा. मला घाई नाही. फक्त दुकानाच्या जागेच्या मालकाला आहे."

बायको यात काही बोलत नव्हती. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. 'आज नको, पुढच्या आठवड्यात काढू' म्हणणारी माणसं दिवसभर बघून ती घरी यायची आणि घरी हे. लिटमसरावांनी तिचं मत काढून घ्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. "तुला काय वाटतं?" असं त्यांनी बटाटे सोलता सोलता, वाऱ्यावर सोडल्यासारखं, अनेकदा विचारलं होतं. "सही तुमची मागितलीय," ती म्हणायची. या उत्तरातून भावाच्या बाजूचा अर्थ निघत होता की घराच्या, हे कुठल्याही ज्ञात पद्धतीने तपासता येत नव्हतं.

दुसरी गोष्ट स्पॅनिशची. निवृत्तीनंतर लिटमसरावांनी वाचनालयातल्या स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं होतं. वर्ग सुरू झाला तेव्हा खुर्च्या कमी पडल्या, आणि पुढे पुढे शिक्षिका आणि लिटमसराव असे दोघंच उरले. एवढा नियमित विद्यार्थी असताना वर्ग बंद कसा करायचा, या अडचणीत सापडून शिक्षिकेने त्यांना सगळ्या परीक्षा पास करून टाकलं. त्या जोरावर एका भाषांतर कचेरीने त्यांना पहिलं काम दिलं. कर्ज आणि उधारीच्या व्यवहारातले स्पॅनिश शब्द, आणि त्यांच्यासमोर इंग्रजी शब्द. कुठल्याशा कंपनीला आपली स्पॅनिश कर्जपत्रं इंग्रजीत आणायची होती आणि त्याआधी शब्दांचा कोश हवा होता.

"फार काही नाही," कचेरीच्या बाई म्हणाल्या. चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांची कचेरी होती आणि त्या बोलत असताना खालून नव्या चामड्याचा वास यायचा. "डावीकडे शब्द, उजवीकडे शब्द. संपलं."

ज्याने आयुष्यभर डावीकडे नमुना आणि उजवीकडे 'तथापि' लिहिलं, त्याला असं सांगून उपयोग नव्हता.

विषय ऐकून मेहुण्याला मात्र आनंद झाला. "म्हणजे भाऊजी, तुम्ही आता यातले तज्ज्ञ. मग माझं काम सोपं."

इथे लिटमसरावांना एक वाट दिसली आणि त्यांनी ती पकडली. "हा कोश पूर्ण होऊ दे," ते गंभीरपणे म्हणाले. "जामीन म्हणजे नक्की काय, ते मुळातून कळायला हवं. कोश झाला की त्या दिवशी सांगतो."

मेहुण्याने लगेच हात पुढे केला आणि लिटमसरावांचा हात जोरात हलवला. बायकोने चष्म्यावरून नवऱ्याकडे एकदा बघितलं. आठवडेच्या आठवडे दवाखान्याच्या दाराशी येऊन परत जाणारा आणि शेवटी आत आलेला पेशंट बघावा, तसं.

आता यातली गोम अशी की, जोवर कोश पूर्ण होत नाही तोवर उत्तर द्यायचं नाही, म्हटल्यावर कोश पूर्ण होण्याचं कारणच उरलं नाही.

लिटमसराव हे मुद्दाम करत होते असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. ते पहाटे उठून काम करायचे. पण त्यांची पद्धत प्रयोगशाळेची. पाण्याचा नमुना घ्यायचा तर एका बाटलीवर विश्वास ठेवायचा नाही; दोन बाटल्या एकमेकींशी भांडतात; तिसरी निकाल देते. म्हणून प्रत्येक शब्दाच्या तीन बाटल्या. पहिली मोठ्या शब्दकोशातली, दुसरी वाचनालयातल्या कायद्याच्या पुस्तकातली, आणि तिसरी जिवंत. म्हणजे तो शब्द जगात कुठे तरी चालताबोलता सापडला पाहिजे. स्पॅनिशच्या वर्णमालेचंही दुर्दैव असं की जामिनाला तिकडे 'आवाल' म्हणतात. पहिल्याच अक्षरात जामीन. लिटमसराव सुरुवातीलाच अडकले.

आवालच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत त्यांना एक हक्क सापडला. नाव मोठं भारदस्त : 'बेनेफिसिओ दे एक्सकुसिओन'. अर्थ असा की सावकार वसुलीला जामीनदाराच्या दारात आला, तर जामीनदाराने शांतपणे म्हणायचं, 'आधी त्याच्याकडे जा. ज्याने कर्ज घेतलं त्याचं असेल नसेल ते विक, आणि तरी कमी पडलं तर माझ्याकडे ये.' लिटमसरावांना हा हक्क मनापासून आवडला. हा हक्क फक्त कर्जापुरता का, असंही त्यांना वाटून गेलं. सोसायटीची बैठक आहे, पाण्याची टाकी कुणी साफ करायची असा प्रश्न निघालाय, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर. तेव्हा हा हक्क जवळ असता तर आयुष्य किती सुखाचं गेलं असतं.

पण पुढच्याच ओळीत म्हटलं होतं की बहुतेक कर्जपत्रांत जामीनदार सही करतानाच हा हक्क सोडून देतो. मग त्याला 'फियादोर सोलिदारिओ' म्हणतात, आणि सावकार थेट त्याच्याच दारात येऊ शकतो, मूळ ऋणकोला जागं न करता.

या हक्काला इंग्रजीत शब्द होता. लिटमसरावांनी तो लिहिला, मग खोडला. कारण इंग्रजी बोलणाऱ्या एकाही माणसाने तो ऐकलेला नव्हता. मग सोप्या शब्दांत लिहिलं, तेही खोडलं, कारण सोपं फार लांब होत होतं. पितळी कडं कागदावर घासायला लागलं तेव्हा ते थांबले.

कचेरीच्या बाईंचा फोन आला. "कुठवर आलं?"

"पहिलं अक्षर चालू आहे."

"साहेब, तुम्हाला काम देऊन किती दिवस झाले?"

"पक्कं होतंय."

"मला पक्कं नकोय. मला पूर्ण हवंय. महिनाअखेरीपर्यंत नाही आलं तर मी दुसरीकडे देते. आणि पुढे तुम्हाला काम देणं मला जमणार नाही."

दुकानाच्या मालकाचीही मुदत महिनाअखेरच होती. मेहुण्याने रविवारी तसं सांगितलं. लिटमसरावांना वाटलं, हे सगळे लोक कुठे तरी भेटून ठरवतात.

तिसरी बाटली हवी होती, म्हणजे जिवंत जामीनदार. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या वकिलांना जिन्यात गाठलं. हे वकील निवृत्त झाले होते, पण दूध आणायलाही काळा कोट घालून जात.

"वकीलसाहेब, तुम्ही कधी कुणाला जामीन राहिलात?"

"मी वकील आहे," वकील म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मी बाहेरून बघतो." त्यांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सही कुठे करू नये हे मी शेजारधर्म म्हणून फुकट सांगतो. कुठे करावी याची फी आहे."

"मग कुठे करू नये?"

"कागदावर," असं म्हणून वकील दूध नासायच्या आत वर गेले.

शेवटी लिटमसराव बँकेत गेले. मेहुण्याच्या कर्जाची फाइल ज्या शाखेत होती त्याच शाखेत. कारण बस तिथेच थांबते. कर्जाच्या टेबलावर एक तरुण मॅडम होत्या. चुणचुणीत, प्रेमळ, आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर शाखेने या तिमाहीत किती कर्जं द्यायची त्याचा तक्ता होता. तक्त्यातला रंगवलेला भाग अजून तळाशीच होता.

"मला कर्ज नकोय," लिटमसराव बसता बसता म्हणाले. "मला कर्जाबद्दल माहिती हवीय."

"सगळे अशीच सुरुवात करतात काका," मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्यासाठी पाणी मागवलं.

लिटमसरावांनी पाणी उजेडाकडे धरून बघितलं, मग प्यायले. मग प्रश्न विचारायला लागले. परतफेड सुरू व्हायच्या आधी जी सवलतीची मुदत असते ती आपल्याकडे किती? हप्ता चुकला तर व्याजावर व्याज कसं लागतं? तारण आणि जामीन दोन्ही मागता का? एवढं मुद्देसूद विचारणारं गिऱ्हाईक मॅडमना नोकरीत भेटलं नव्हतं. बाकीचे लोक हप्ता विचारायचे आणि कपाळाला हात लावायचे.

"आणि जामीनदाराला 'आधी त्याच्याकडे जा' म्हणायचा हक्क असतो का?"

"असतो ना."

लिटमसरावांचा चेहरा उजळला. "असतो?"

"असतो. तो तुम्ही पान तीनवर सोडता."

"का सोडतो?"

"सगळेच सोडतात," मॅडम म्हणाल्या. "काका, असं करा ना, हा कोरा अर्ज घ्या आणि भरून बघा. तुमचे सगळे शब्द यात आहेत. भरलं की आपोआप समजतं."

आता दुसरा कुणी असता तर त्याने अर्ज चाळला असता, फार तर खिशात घालून घरी नेला असता. पण लिटमसरावांच्या हातात रकाने असलेला कागद आला की तो भरल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. आणि खोटं भरायचं त्यांच्या रक्तात नव्हतं. प्रयोगशाळेत नवी छापील पत्रकं आली की ती नीट आहेत का बघायला लोक वाटेल ते आकडे भरायचे, पण लिटमसराव तेवढ्यासाठी जाऊन खरं पाणी आणायचे. त्यांनी खरं नाव लिहिलं. खरी पेन्शन लिहिली. घराचं क्षेत्रफळ गॅलरीसकट आणि गॅलरीशिवाय असं दोन्ही लिहिलं. कर्जाच्या रकमेत शून्य घातलं तर नमुना वास्तवाला धरून होणार नाही, म्हणून एक माफक रक्कम घातली. कर्जाचं कारण : भाषांतर. पानापानावर सही केली, कारण सही नसलेलं पान प्रयोगशाळेत रद्दी समजलं जातं. मग सगळे शब्द आपल्या कागदावर उतरवून घेतले आणि, अर्ज बँकेच्या मालकीचा असल्यामुळे, तो व्यवस्थित कडा जुळवून मॅडमच्या ट्रेमध्ये ठेवला.

मॅडमनी तो वाचला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले असं म्हणतात. एकही रकाना रिकामा नसलेला अर्ज त्या शाखेने पहिल्यांदाच पाहिला होता.

पुढच्या आठवड्यात सोसायटीत बँकेचा एक माणूस आला. खांद्याला बॅग, हातात पॅड. त्याने तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकेला विचारलं, "वरचे ते पाणी तपासणीवाले कसे आहेत हो? देण्याघेण्यात बरे आहेत?"

मुख्याध्यापिकेने त्याला खुर्ची दिली आणि जे काय ते सगळं सांगितलं. मग तो वकिलांकडे गेला. वकिलांनी कोट घातला आणि सांगितलं, "सदर गृहस्थांविरुद्ध माझ्या माहितीत आजवर काहीही सिद्ध झालेलं नाही."

संध्याकाळपर्यंत लिटमसराव कर्जात बुडाल्याचं सगळ्या जिन्याला समजलं. फक्त लिटमसराव पहिल्या अक्षरात बुडालेले असल्यामुळे त्यांना समजलं नाही. त्यांना एवढंच जाणवलं की लोक अचानक हळू आवाजात बोलायला लागलेत. सोसायटीचे खजिनदार जिन्यात भेटले आणि, "देखभालीचे पैसे काय, सवडीने द्या," असं म्हणून त्यांच्या खांद्यावर थोपटून गेले. ज्या माणसाने देखभालीचे पैसे आयुष्यात कधी दोन तारखेला दिले नाहीत, नेहमी एक तारखेलाच दिले, त्याच्या खांद्यावर. लिटमसराव तसेच वर गेले, पैसे घेऊन खाली आले आणि पावती मागितली. "मानी माणूस," असं खजिनदार नंतर सगळ्यांना सांगत होते.

मग मुख्याध्यापिका बिस्किटांचा मोठा डबा घेऊन आल्या. डबा टेबलावर ठेवला, घराकडे एकदा नजर फिरवली, जणू काय काय विकलं गेलंय ते बघत असाव्यात, आणि म्हणाल्या, "माझ्या ओळखीची दोन मुलं आहेत. विज्ञानात कच्ची. तुम्ही शिकवणी घ्याल का? फी रोज दिली तरी चालेल म्हणतात पालक."

"पण मला कशाला शिकवणी?"

"तेच," मुख्याध्यापिका मायेने म्हणाल्या. "असंच राहायचं. ताठ."

त्या गेल्यावर लिटमसराव बराच वेळ बिस्किटांच्या डब्याकडे बघत बसले. शेजाऱ्याचा स्क्रू-ड्रायव्हर आणला तरी तो पुसून परत करणारा माणूस. कुणाचं पै-पैशाचं देणं कधी अंगावर ठेवलं नाही. आणि ही वेळ. डबा परत करावा तर अपमान, ठेवावा तर कबुली. बायको आली आणि तिने त्यातली दोन बिस्किटं खाल्ली.

"अहो," ती म्हणाली, "आपण कर्ज काढलंय का?"

"नाही."

"मग मंजूर कसं झालं?"

दवाखान्यात फोन आला होता. लिटमसरावांनी अर्जात बायकोच्या कामाचा नंबरही खरा लिहिला होता.

त्यांनी सगळं सांगितलं. बायकोने ते शांतपणे ऐकलं. शब्द समजून घ्यायला बँकेत गेलो, अर्ज नुसता बघायला भरला, आणि सही फक्त सवयीने केली. हे एका दमात स्वतःच्याच तोंडून ऐकल्यावर लिटमसरावांचाही त्यावर फारसा विश्वास बसेना. तेवढ्यात मेहुणा आला आणि पाठोपाठ मॅडमचा फोनही. बायकोचे हात ओले होते म्हणून तिने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"काका, अभिनंदन," मॅडमचा आवाज सगळ्या खोलीत पसरला. "कर्ज मंजूर. आता फक्त एक जामीनदार आणा. तेवढी औपचारिकता. घर तुमचं स्वतःचं आहे, त्यामुळे जामीनदार कुणीही चालेल."

मेहुणा उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं हसू गेलेलं होतं.

"मी राहतो," तो म्हणाला.

"अरे, मला कर्ज नकोय," लिटमसराव म्हणाले.

"भाऊजी, माझ्यासमोर तरी लाजू नका. एवढी अडचण होती आणि एका शब्दाने बोलला नाहीत. मी मात्र दर रविवारी येऊन तुमच्याच मागे लागत होतो." तो बहिणीकडे वळला. "ताई, तू तरी सांगायचंस."

"मला आत्ता कळलंय," ताई म्हणाली.

"मी राहतो जामीन. ठरलं. चालेल ना भाऊजी?"

लिटमसरावांच्या डोक्यात त्या क्षणी एवढं काही चाललं होतं की तोंडाने आपलं नेहमीचं काम आपोआप करून टाकलं.

"बघतो," ते म्हणाले.

मेहुण्याने तो होकार समजला. दुसऱ्या दिवशी बँक उघडताना तो दारात उभा होता. हाताला काम असलेला माणूस असता तर एक वेळ उशीर झाला असता. मॅडमनी जिथे जिथे बोट ठेवलं तिथे तिथे त्याने सही केली आणि बाहेर येऊन लिटमसरावांना फोन केला. "झालं भाऊजी. आता निर्धास्त राहा."

लिटमसराव फोन ठेवून टेबलाशी बसले. आपण जी सही मागून मागून दिली नाही, ती या माणसाने न मागता देऊन टाकली. त्यांना कसंतरीच वाटलं. असं कसंतरी वाटलं की ते नेहमी काम करत, म्हणून त्यांनी कोश उघडला.

आणि गंमत अशी झाली की काम भराभर व्हायला लागलं. तिसऱ्या बाटलीसाठी आता कुठे जायला नको होतं. ऋणको म्हणजे कोण? आपणच. मंजुरी म्हणजे काय? ती टेबलावर वाजली होती. पडताळणी? जिन्यातून चढून गेली. जामीनदार? नुकताच फोनवर होता. जो शब्द बघावा तो घरातच उभा. 'आधी त्याच्याकडे जा' या हक्कासमोर त्यांनी तो कुणी न ऐकलेला इंग्रजी शब्द लिहिला, खाली साध्या भाषेत दोन ओळींचा अर्थ लिहिला, आणि 'हा हक्क बहुधा सही करतानाच सोडलेला असतो' अशी टीप दिली. खोडलं काहीच नाही. महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी कोश कचेरीत पोचला.

बाईंनी तो उभ्याउभ्याच चाळला. "टिपा छान आहेत," त्या आश्चर्याने म्हणाल्या. "हे तुम्हाला कुठून कळलं?"

"घरून," लिटमसराव म्हणाले.

"पुढचं काम विम्याचं आहे. आग, अपघात, चोरी. देऊ?"

हे काम घेतल्याचं बायकोला कसं सांगायचं, याचा विचार करतच ते घरी आले.

दुसऱ्या दिवशी सगळी वरात बँकेत गेली. कर्ज रद्द करायचं तर ऋणको आणि जामीनदार दोघांच्या सह्या हव्या होत्या. लिटमसराव, मेहुणा आणि दवाखान्यातून अर्धी रजा काढून आलेली बायको अशी तिघं मॅडमच्या टेबलासमोर ओळीने बसली. मॅडमना खरंच वाईट वाटलं. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाठ करूनच कागद पुढे सरकवले.

"म्हणजे काका, खरंच फक्त शब्दांसाठी आला होतात तुम्ही?"

"मी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं."

"हो, पण..." मॅडमनी वाक्य सोडून दिलं आणि शिक्का मारला.

मेहुण्याला हे पटायला बराच वेळ लागला. पटलं तेव्हा तो आधी मनापासून हसला, इतका की शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी वळून बघितलं. मग डोळे पुसत म्हणाला, "चला, भाऊजी कर्जात नाहीत, माझा जीव भांड्यात पडला. मॅडम, आता आलोच आहोत तर माझी फाइल काढा. कपडे धुण्याच्या दुकानाची."

मॅडमनी ती लगेच काढली. त्यांचाही चेहरा जरा उजळला. "यात फक्त जामीनदाराचं राहिलंय."

"भाऊजी, कोश झाला ना?"

"काल दिला," लिटमसराव म्हणाले.

"मग?"

मॅडमनी पेनचं टोपण काढलं. लिटमसरावांनी पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा होता म्हणून परत ठेवला.

"तू माझ्यासाठी सही केलीस," ते मेहुण्याला म्हणाले, "तेव्हा पान तीन वाचलंस?"

"आपल्या माणसासाठी वाचायचं काय, भाऊजी? मॅडमनी बोट ठेवलं, मी सही केली."

"आणि मी पैसे भरले नसते तर?"

"तुम्ही भरले असते."

"नसते भरले तर?"

मेहुण्याने प्रामाणिकपणे विचार केला. "तर काय, आले असते माझ्याकडे. माझ्याकडे न्यायला आहे काय? एक सायकल आणि एक इस्त्री. इस्त्रीची वायरही गेलीय." त्याला पुन्हा हसू आलं.

बायको हसली नाही. लिटमसरावांनी समोरच्या रद्द झालेल्या कागदावरची मेहुण्याची सही बघितली. मोठी, वळणदार, खाली दोन रेघा ओढलेली. त्या सहीत मेहुण्याचा सगळा जीव होता, यात शंका नव्हती. पण त्याखेरीज तिच्यात दुसरं काहीच नव्हतं. आपली सही याहून बारीक आली असती आणि तिच्यात दोन खोल्या आणि एक गॅलरी असती. कागदावर दोन्ही सारख्याच दिसल्या असत्या.

"भाऊजी, मी बुडवणार आहे का तुम्हाला?" मेहुण्याने विचारलं. आता तो हसत नव्हता.

"तू बुडवणार नाहीस. दुकान बुडालं तर?"

"बुडत नाही. लोक कपडे घालायचं थांबवणार आहेत का?"

"तुझं पुस्तकांचं दुकान बुडालं तेव्हा लोकांनी वाचायचं थांबवलं नव्हतं," बायको म्हणाली.

मेहुणा तिच्याकडे बघायला लागला. लिटमसरावही बघायला लागले. एवढ्या महिन्यांत या विषयावर ती पहिल्यांदाच आपणहून काही बोलली होती. लिटमसरावांना वाटलं, सुटलो, आता हीच काय ते सांगून टाकेल. त्यांनी खुर्ची किंचित मागे घेतली.

"माझ्याकडे बघू नका," बायको म्हणाली. "तुम्ही माझी वाट बघताय आणि मी तुमची, असं चाललंय आपलं. तो माझा भाऊ आहे. मी नाही म्हटलं तर बहिणीने नाही म्हटलं असं होतं. हो म्हटलं तर तुमचं घर मी भावाला दिलं असं होतं. म्हणून मी गप्प बसले. पण याला दर रविवारी चपला घालताना बघते आणि मला चहा गोड लागत नाही. काय ते सांगा त्याला. जे सांगाल त्यावर मी घरी गेल्यावर एक शब्द बोलणार नाही."

"आणि मी पण," मेहुणा म्हणाला. जरा थांबून त्याने भर घातली, "म्हणजे एखादा बोलेन."

मॅडम पेन हातात धरून थांबल्या होत्या. मागे रांगेतला एक माणूस घड्याळ बघून खाकरला. लिटमसरावांच्या ओठांवर 'ब' आला. बायकोला तो दिसला, मेहुण्याला दिसला, मॅडमनाही बहुधा दिसला. लिटमसरावांनी तो गिळला. तो सहजासहजी खाली गेला नाही. मग त्यांनी मेहुण्याच्या फाइलवर हात ठेवला आणि ती हळूच त्याच्याकडे सरकवली.

"मी जामीन राहणार नाही," लिटमसराव म्हणाले. "चारऐवजी दोन मशिनं घे. त्यांचे पैसे मी माझ्या बचतीतून देतो, परत आले नाहीत तरी चालतील. पण घरावर सही मी करणार नाही."